विश्लेषण : राखेची वीट, सिमेंटचा पत्रा, दाराचा रंग... घर बांधताना धोका नेमका कशात?

औष्णिक वीज केंद्रामुळे परळी वैजनाथमध्ये राख ही बांधकामाची रोजची वस्तू झाली आहे. पण राखेच्या विटेचे घर राहायला सुरक्षित असते का? आणि ज्यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही, त्या पत्रे, रंग, प्लायवूड आणि फरशीच्या धुळीचे काय? कोणत्या साहित्यातून कोणता धोका आहे, तो कुणाला आहे आणि कमी खर्चात तो कसा टाळता येईल, हे जाणून घेऊ.

परळी परिसरात उन्हाळा हा बांधकामाचा हंगाम. साखर कारखान्यांचा पट्टा पडला की ऊसतोडीला गेलेली कुटुंबे गावी परततात, मुकादमाशी हिशेब होतो आणि पावसाळ्याआधी घराचे काम उरकण्याची घाई सुरू होते. कुणाचे घरकुल मंजूर झालेले असते, कुणाला जुने माळवद उतरवून दोन पक्क्या खोल्या काढायच्या असतात. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये सपाट भागासाठी ठरलेली मूळ मदत १ लाख २० हजार रुपये. एवढ्यात जोते, भिंती, छप्पर आणि दारे-खिडक्या बसवायच्या, तर प्रत्येक वस्तू घेताना पहिला प्रश्न भावाचा असतो. त्या वस्तूत काय मिसळले आहे, हा प्रश्न बहुतेक वेळा येतच नाही. मात्र घर एकदाच बांधले जाते आणि त्यात लहान मुले वाढणार असतात.

परळीत राखेचा विषय एवढा मोठा का?

परळीचे औष्णिक विद्युत केंद्र, म्हणजे गावकऱ्यांच्या तोंडी ‘थर्मल’, १९७१ मध्ये प्रत्येकी ३० मेगावॉटच्या संचांनी सुरू झाले. ऐंशीच्या दशकात २१० मेगावॉटचे तीन संच आले. २००७ नंतर २५० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. जुने संच टप्प्याटप्प्याने बंद झाले आणि आता महानिर्मितीच्या या केंद्राची क्षमता ७५० मेगावॉट आहे.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. त्यावरून एक ढोबळ हिशेब मांडता येतो. एक युनिट विजेसाठी अंदाजे ७०० ग्रॅम कोळसा धरला, तर ७५० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने चोवीस तास चालल्यास सुमारे १२ हजार टन कोळसा जळतो आणि ४ हजार टनांच्या आसपास राख उरते. वीस टनांचा एक टिप्पर धरला तर या दिवसाच्या दोनशे खेपा झाल्या. केंद्र दररोज पूर्ण क्षमतेने चालत नाही. तरीही राखेचा डोंगर कसा वाढत जातो, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

ही राख दोन वाटांनी बाहेर पडते. धुराड्याच्या आधीच विजेच्या भाराने पकडलेली बारीक, कोरडी राख सायलोमध्ये जमा होते आणि बंद बल्करमधून सिमेंट कारखान्यांकडे जाते. उरलेली राख पाण्यात मिसळून दादाहरी वडगाव परिसरातील राख तळ्यात सोडली जाते. तळ्यातली राख वाळली की वाऱ्याबरोबर उडते, उपसून टिप्परने नेताना रस्त्यावर सांडते.

केंद्र सरकारने राखेच्या वापराबाबतची पहिली अधिसूचना १९९९ मध्ये काढली. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर १०० टक्के राख वापरात आणण्याची जबाबदारी टाकली आणि ती न पाळल्यास टनामागे १ हजार रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. राखेच्या वापरासाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र धोरणही केले. वीट, सिमेंट, रस्ते आणि भराव ही राख जिरवण्याची मुख्य ठिकाणे आहेत. डिसेंबर २०२४ मधील मस्साजोगच्या सरपंचांच्या हत्येनंतर परळीतील राखेच्या व्यवसायाची चर्चा राज्यभर झाली. मात्र ती चर्चा राखेवर ताबा कुणाचा, याची होती. घर बांधणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे.

राखेत नेमके असते काय?

राखेचा मोठा भाग सिलिका, ॲल्युमिना आणि लोहाच्या ऑक्साइडचा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास त्यात काचेसारख्या बारीक गोळ्या दिसतात. त्यांच्यासोबत थोडे स्फटिकरूप क्वार्ट्झ असते. कोळसा जळून गेल्यावर त्यातील न जळणारे घटक मागे उरतात, म्हणून आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांसारखे धातू आणि युरेनियम-थोरियमचे अंश राखेत कोळशापेक्षा जास्त दाटीने सापडतात.

ही यादी वाचून घाबरायला होते. पण एखादा पदार्थ घातक असणे आणि तो आपल्या शरीरात पोहोचणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहित्यातले रसायन श्वासातून, तोंडातून किंवा त्वचेतून आत गेले तरच अपाय होतो. त्यामुळे ‘यात काय आहे?’ या प्रश्नानंतर लगेच ‘ते सुटे होते का?’ हे विचारायला हवे.

मग राखेच्या विटेचे घर धोकादायक असते का?

नीट बनवलेल्या विटेबाबत याचे उत्तर नाही असे आहे. चुना किंवा सिमेंटबरोबर राखेची रासायनिक क्रिया होऊन घट्ट पदार्थ तयार होतो आणि धातूंचे अंश त्यात अडकून राहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१४ मध्ये राख मिसळलेल्या काँक्रीटचे मूल्यमापन केले. राखेविना बनवलेल्या काँक्रीटच्या तुलनेत त्यातून वेगळा, चिंताजनक धोका दिसत नाही, असा निष्कर्ष या संस्थेने काढला.

किरणोत्सर्गाची भीतीही अनेकदा समाजमाध्यमांवरून पसरते. माती, वाळू, ग्रॅनाइट या सगळ्यांतच थोडा नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या माहितीनुसार राखेतील किरणोत्सर्ग नेहमीच्या खडक-मातीपेक्षा फारसा वेगळा नसतो. युरोपीय संघाने बांधकाम साहित्यातून घरात मिळणाऱ्या गॅमा किरणांसाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही संदर्भ पातळी ठरवली आहे आणि साहित्याची तपासणी त्यानुसार होते.

शिवाय ‘आपल्याला राख नकोच’ असे म्हणणाऱ्याच्या घरातही राख असतेच. बाजारात सर्वाधिक दिसणाऱ्या पीपीसी सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के राख असते. म्हणजे ५० किलोच्या पोत्यात साडेसात ते साडेसतरा किलो.

धोका आहे तो कुठे?

खरा धोका मोकळ्या राखेत आहे. राखेचे अनेक कण १० मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. असे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात जातात. त्यातील स्फटिकरूप सिलिका जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून नोंदवली आहे. वर्षानुवर्षे ही धूळ श्वासात गेल्यास सिलिकोसिस होतो. फुप्फुस आतून कडक होत जाते आणि ते पूर्ववत करणारे औषध नाही.

म्हणून जोखमीचा क्रम लावायचा तर सर्वात वर राख भरणारा, उतरवणारा आणि वीट कारखान्यात कोरडे मिश्रण करणारा मजूर येतो. त्यानंतर बांधकामावर विटा फोडणारा, ग्राइंडरने कापणारा गवंडी आणि झाडलोट करणारी बाई. मग दारासमोरच्या राखेच्या ढिगावर खेळणारी मुले. गिलावा झालेल्या भिंतीच्या आत राहणारे कुटुंब या यादीत शेवटी येते. बहुतेक वेळा चिंता मात्र उलट्या क्रमाने केली जाते.

जोत्यातला भराव हीसुद्धा लक्ष देण्याची जागा आहे. परळीत राख सहज मिळते, म्हणून मुरुमाऐवजी जोत्यात राख भरण्याचा मोह होतो. भराव पाणी मारून, थराथराने दाबून, वर मुरुमाचा थर आणि काँक्रीट टाकून पूर्ण झाकला तर धूळ वर येत नाही. पण नुसती राख टाकून त्यावर शहाबादी फरशी अंथरली, तर सांध्यांतून ती वर्षानुवर्षे घरात येत राहते. विहीर, बोअर किंवा नाल्याजवळ राखेचा भराव टाळलेलाच बरा. घट्ट विटेत अडकून राहणारे धातू मोकळ्या, ओल्या राखेतून पाण्यात उतरू शकतात.

चांगली वीट ओळखायची कशी?

परळीत दोन प्रकारच्या विटा मिळतात. एक, मातीत राख मिसळून भट्टीत भाजलेली लाल वीट. दुसरी, राख, कच किंवा वाळू आणि चुना-जिप्सम किंवा सिमेंट दाबून बनवलेली करडी वीट. दुसरी वीट भाजत नाहीत, पाणी मारून पिकवतात. पाणी कमी दिवस मारले किंवा सिमेंट-चुना वाचवला, तर ती वीट हाताळताना भुगा सोडते.

राख-चुन्याच्या विटेसाठी आयएस १२८९४ हे भारतीय मानक आहे. नेहमीच्या घरबांधणीच्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये, अशी त्यात अट आहे. ही चाचणी घरी करता येते. पूर्ण वाळलेल्या विटेचे वजन करा, ती २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. कोरडी वीट २ किलो ८०० ग्रॅम आणि भिजलेली ३ किलो ३०० ग्रॅम भरली, तर तिने ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे १८ टक्के पाणी प्यायले. ती चालेल. ३ किलो ५०० ग्रॅम भरली तर ती २५ टक्के झाली, मग तो माल परत करावा. एकच वीट तपासू नये, ढिगाच्या वेगवेगळ्या भागांतून पाच-सहा विटा घ्याव्यात.

याशिवाय वीट नखाने खरवडून पाहावी. पांढरी-करडी पूड सहज निघत असेल, कडा बोटाने तुटत असतील, तर तिच्या भिंतीचाही भुगा होत राहणार. घेतलेल्या विटेची भिंत आतून-बाहेरून गिलावा करून बंद करावी. पैसे संपले म्हणून आतला गिलावा पुढच्या वर्षावर ढकलायची वेळ आली, तर निदान झोपण्याच्या खोलीचा आधी करून घ्यावा.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल एवढी काळजी का?

भिंतींपेक्षा गंभीर प्रश्न अनेकदा डोक्यावर असतो. लोक ज्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणतात, त्यात सिमेंट धरून ठेवण्यासाठी साधारण ८ ते १० टक्के ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात. हे तंतू श्वासात गेल्यास ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो. आजार दिसायला २० ते ४० वर्षे लागतात. त्यामुळे तरुणपणी कापलेल्या पत्र्याचा आणि म्हातारपणीच्या धापेचा संबंध कुणी लावत नाही.

युरोपीय संघात २००५ पासून ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम जाहीर केला. भारतात पांढरे ॲस्बेस्टॉस आयात करून पत्रे बनवण्यास मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मधील निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यापैकी जो कालावधी उशिरा संपेल तोपर्यंत जपून ठेवण्यास सांगितले होते. आजार किती उशिरा उमटतो, याची ही न्यायालयीन पातळीवरील दखल होती.

घरावरचा पत्रा अखंड असेल आणि त्याला कुणी हात लावत नसेल, तर त्यातून तंतू फारसे सुटत नाहीत. घाबरून तो लगेच उतरवण्याची गरज नाही. उलट घाईने फोडून उतरवण्यातच जास्त धोका आहे. तो कापताना, छिद्रे पाडताना, तारेच्या ब्रशने शेवाळ घासताना आणि वादळात तुटल्यावर तंतू सुटतात. उतरवायचाच असेल तर पाणी मारून ओला करावा, हुक सोडवून अखंड खाली घ्यावा, वरून टाकू नये. तुकडे अंगणात अंथरू नयेत, गोठ्याच्या आडोशाला किंवा चुलीच्या कडेला लावू नयेत.

नवे छप्पर घालताना लोखंडी रंगीत पत्रा, कौले किंवा स्लॅब हे पर्याय आहेत. लोखंडी पत्रा उन्हात जास्त तापतो, हे खरे आहे. वर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा रंग दिल्यास फरक पडतो. ॲस्बेस्टॉस नसलेला तंतू-सिमेंटचा पत्राही मिळतो, पण दोन्ही पत्रे डोळ्यांना सारखेच दिसतात. त्यामुळे पत्र्यावरची छपाई वाचावी आणि ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असे बिलावर लिहून घ्यावे.

रंगात शिसे असते का?

घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी केंद्राचा नियम नोव्हेंबर २०१६ मध्ये निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यानुसार शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग आहे. सोप्या भाषेत, एक किलो रंगात ९० मिलिग्रॅम. डब्यावर तसा उल्लेख असावा लागतो. तरीही ‘टॉक्सिक्स लिंक’ या संस्थेच्या नंतरच्या तपासण्यांत छोट्या उत्पादकांच्या काही रंगांत शिसे मर्यादेपेक्षा जास्त आढळले.

भिंतीचा डिस्टेंपर किंवा पाण्याचा रंग यात तुलनेने कमी चिंता आहे. लक्ष द्यायचे ते दारे, खिडक्या, ग्रिल यांच्या ऑइलपेंटकडे, त्यातही भडक पिवळ्या, केशरी आणि लाल छटांकडे. अशा काही रंगांत परंपरेने शिशाची संयुगे वापरली जात. शिवाय हा नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांपुरता आहे. कारखान्यांसाठीचा रंग स्वस्त पडतो म्हणून घराच्या गेटला लावला, तर ती मर्यादा उपयोगाची नाही.

लोखंडाच्या प्रायमरबाबतही गल्लत होते. तपकिरी-लाल ‘रेड ऑक्साइड’ हा लोहाचा ऑक्साइड असतो. ‘रेड लेड’ मात्र शिशाचा ऑक्साइड आहे. परंपरेने शेंदूर म्हणून ओळखली जाणारी वस्तू हीच. पिवळसर ‘झिंक क्रोमेट’ प्रायमरमध्ये कर्करोगकारक प्रकारचे क्रोमियम असते. डब्यावर ही नावे दिसली, तर घरासाठी दुसरा डबा मागावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. मोठ्या माणसांच्या तुलनेत लहान मुलांच्या शरीरात ते चार ते पाच पट जास्त शोषले जाऊ शकते आणि त्याचा परिणाम मेंदूच्या वाढीवर, अभ्यासावर होतो. म्हणून जुन्या दारा-खिडक्यांचा रंग दिवाळीआधी पॉलिश पेपरने कोरडा घासू नये. पाणी लावून घासावा, खाली प्लॅस्टिक अंथरावे, निघालेला चिखल गोळा करून टाकावा. रंग बत्तीने जाळून काढू नये. काम चालू असताना लहान मुले आणि गरोदर महिला यांनी त्या खोलीत राहू नये.

फरशी, सिमेंट, प्लायवूड आणि नळ यांचे काय?

फरशी कापताना उडणारा पांढरा ढग बहुतेकांनी पाहिलेला असतो. ग्रॅनाइट, वाळूचा दगड आणि टाइल यांच्या धुळीत सिलिका भरपूर असते. कारखान्यात बनणाऱ्या ‘क्वार्ट्झ’ ओट्याच्या दगडात तर ती ९० टक्क्यांपर्यंत असू शकते. असा दगड कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसने आजारी पडू लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. ओटा ग्रॅनाइट किंवा कडाप्प्याचा असला, तरी कापताना पात्यावर पाण्याची धार सोडली की धूळ खूप कमी होते. एका मजुराने बाटलीतून पाणी सोडत राहावे, एवढीच सोय लागते. मात्र वीज आणि पाणी एकत्र येते, तेव्हा वायर अखंड असावी आणि अर्थिंग असलेल्या, शॉक लागताच वीज तोडणाऱ्या स्विचवरूनच यंत्र चालवावे.

ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. त्यातील क्रोमियममुळे अनेक गवंड्यांच्या हातांना खाज आणि भेगा पडतात. युरोपात सिमेंटमधील अशा विरघळणाऱ्या क्रोमियमला २ पीपीएमची मर्यादा आहे. आपल्याकडे सोपा उपाय रबरी हातमोजे आणि काम झाल्यावर लगेच हात धुणे. जुन्या पद्धतीचा चुनाही निरुपद्रवी नाही. कळीचा चुना विझवताना उडालेला थेंब डोळा घालवू शकतो.

प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डाच्या नव्या फर्निचरचा डोळे चुरचुरवणारा वास हा डिंकातील फॉर्माल्डिहाइडचा असतो. तोही कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे. उष्णता आणि दमटपणा वाढला की तो जास्त सुटतो, म्हणजे परळीच्या उन्हाळ्यात जास्त. ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ प्रतीचा, आयएसआय खूण असलेला बोर्ड घ्यावा, कापलेल्या उघड्या कडा पट्टीने बंद कराव्यात आणि नवे कपाट काही आठवडे दारे-खिडक्या उघड्या ठेवून वापरावे. मुलांच्या झोपण्याच्या खोलीत नवे कपाट लगेच ठेवू नये.

पीव्हीसी पाइप टिकाऊ करण्यासाठी पूर्वी शिशाची संयुगे सर्रास मिसळली जात. ती टप्प्याटप्प्याने हटवण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये नियम केले. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस ४९८५ लिहिलेला आणि ‘शिसेविरहित’ छापलेला पाइप मागावा. शेतातला उरलेला पाइप घरच्या नळाला जोडू नये. नव्या जोडणीनंतर आणि रोज सकाळी पहिले थोडे पाणी सांडण्या-धुण्याला वापरून मग पिण्याचे भरावे.

तोंडाला रुमाल बांधला तर पुरते का?

नाही. रुमाल किंवा उपरणे जाड धूळ अडवते, बारीक कण आरपार जातात. धुळीच्या कामासाठी एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. तरीही मास्क हा शेवटचा उपाय आहे. आधी धूळ उडूच नये हे पाहायचे. राख ओली करून हलवायची, टिप्पर ताडपत्रीने झाकायचा, कोरडे झाडण्याऐवजी पाणी शिंपडून झाडायचे. कामावरचे कपडे घरी झटकू नयेत आणि मुलांच्या कपड्यांत धुवायला टाकू नयेत, कारण धूळ त्या कपड्यांबरोबर घरात येते.

मजुराला खूप दिवस खोकला, धाप असेल तर डॉक्टरांना आपण काय काम करतो, हे आवर्जून सांगावे. सिलिकोसिसची लक्षणे क्षयरोगासारखी दिसतात आणि सिलिकाच्या धुळीमुळे क्षयरोगाची शक्यताही वाढते. परळीपासून जवळ अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे छाती तपासून घेता येते. सिलिकोसिस, ॲस्बेस्टॉसिस आणि शिशाची विषबाधा यांना १९४८ च्या कारखाने कायद्यानेच नोंद करण्याजोगे आजार मानले होते. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वयाच्या मजुरांना महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी केलेल्या कामाचा दाखला लागतो. तो मजुराने मागावा आणि घरमालकाने द्यावा.

पैसे मोजकेच असतील तर आधी काय करावे?

एक पैसाही न लागणाऱ्या गोष्टी : राख आणि वाळूचा ढीग ओला करून झाकणे, मुलांना त्यावर खेळू न देणे, कापकाम पाण्याखाली आणि घराबाहेर करणे, सिमेंटचा पत्रा न फोडणे, जुना रंग कोरडा न घासणे, विटा घेण्याआधी भिजवून तोलणे.

थोड्या पैशांत होणाऱ्या गोष्टी : गवंडी-मजुरांसाठी मास्क आणि हातमोजे, शिशाची मर्यादा छापलेला ऑइलपेंट, रेड ऑक्साइड प्रायमर, शिसेविरहित पाइप.

जास्त खर्चाच्या, पण शक्य असल्यास सोडू नयेत अशा गोष्टी : आतून पूर्ण गिलावा, जोत्यावर काँक्रीट, ॲस्बेस्टॉसऐवजी दुसरे छप्पर, प्रत्येक खोलीला समोरासमोर हवा खेळेल अशा दोन खिडक्या.

दुकानात गेल्यावर तीन प्रश्न पुरेसे आहेत : यावर आयएसआय खूण आहे का, यात शिसे किंवा ॲस्बेस्टॉस आहे का, आणि तसे नाही हे बिलावर लिहून देता का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळले गेले, तर पुढच्या दुकानात जावे.

परळीत थर्मल आहे तोवर राख निघत राहणार आणि घरेही तिचीच बांधली जाणार. भिंतीत पक्की बसलेली राख कुटुंबाला सहसा त्रास देत नाही. त्रास होतो तो ती भिंत उभी करणाऱ्याला, ढिगाशेजारी खेळणाऱ्या पोराला आणि पत्रा कापणाऱ्याला. त्यामुळे काळजीची सुरुवात वास्तुशांतीच्या दिवशी नव्हे, राखेचा पहिला टिप्पर दारात उभा राहतो त्या दिवशी व्हायला हवी.